टाकीच्या पोटातला कठडा

९ फेब्रुवारी २००४

जॉइस,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंस तर न फोडताच कचऱ्यात टाकशील, म्हणून पत्ता ऑफिसच्या मशीनवर छापून घेतला. चार वर्षांनी लिहायला बसले आणि सुरुवातच लबाडीने झाली. असो.

वॉल्टचं मला काल चर्चमध्ये कळलं. कारखान्यात माणूस मेल्याची बातमी मी पेपरात वाचली होती. को शिओंग, वय एकेचाळीस, प्लॅटफॉर्मवरून खाली पडला, मागे बायको आणि चार मुलं. पण त्या पाळीचा फोरमन तुझा नवरा होता आणि त्याला घरी बसवलंय, हे त्यात नव्हतं. तुमच्या शेजारच्या मर्लिनने सांगितलं तेव्हा माझ्या हातात कॉफीचा कप होता. तो मी कुठेतरी ठेवला आणि कुठे ठेवला ते नंतर आठवेना.

मी आलेली तुला चालणार नाही, हे मला ठाऊक आहे. आईच्या अंत्यविधीच्या कार्डासाठी मी तिचा फोटो सुधारला, नाकातली नळी काढली, गाल भरले. तू चर्चच्या दारात ती कार्डं फाडलीस आणि म्हणालीस, "ही आपली आई नाही. ही तुझी कुणीतरी आहे." त्यानंतर मी तुझ्या घरात पाऊल टाकलेलं नाही आणि आताही न बोलावता टाकणार नाही. बूयाचा रस्सा शिजवून मर्लिनच्या हाती पाठवते आहे. कोंबडी हाडासकट घातली आहे, वॉल्टला लागते तशी.

एक विचारायचं होतं. को पडला तो प्लॅटफॉर्म कुठला? उत्तरेकडचा, क्रेनखालचा, की दुसरा? उगीच विचारते. तिथल्या टाक्यांचे फोटो आमच्या स्टुडिओत येतात, म्हणून.

गेल


१८ फेब्रुवारी

जॉइस,

तुझं उत्तर आलं. पातेलं परत पाठवलंस तेही मिळालं, घासून लख्ख केलेलं. बूया कसा झाला होता ते लिहिलं नाहीस, पण पातेलं रिकामं होतं, एवढं मला पुरे.

तू लिहिलेलं मी तीनदा वाचलं. प्लॅटफॉर्म उत्तरेकडचाच. वॉल्ट म्हणतो, तिथला कठडा नोव्हेंबरमध्येच कापून काढला होता, मोठ्या टाक्या क्रेनने आत घेता याव्यात म्हणून. मॅनेजर डगने काढायला लावला. वॉल्टने तीनदा तोंडी सांगितलं की तो परत बसवा, पण लिहून कधी दिलं नाही. आणि आता कंपनीने सरकारी सुरक्षा खात्यापुढे एक फोटो ठेवलाय. को पडला त्याच दिवशी सकाळी आठ चाळीसला काढलेला, नव्या टाकीचा. टाकीच्या चकचकीत पत्र्यात समोरचा प्लॅटफॉर्म दिसतोय आणि त्याला कठडा आहे. को पडला साडेदहाला. म्हणजे मधल्या दोन तासांत कठडा काढला तो वॉल्टने, असं त्यांचं म्हणणं.

फोटो पाहिल्यापासून वॉल्ट घरात बोलत नाही, दिवसभर खाडीच्या बर्फावर मासे धरायच्या टपरीत जाऊन बसतो आणि एकही मासा आणत नाही, असं तू लिहिलंस. आणि शेवटी ती ओळ. तुला ती लिहिताना काय वाटलं असेल, ते मी समजू शकते. "तू हे काम करतेस. फोटो खोटा असू शकतो का?"

फोटो पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नाही, जॉइस. प्रकाश असतो, कोन असतो, शंभर गोष्टी असतात. झेरॉक्स असेल तर पाठव.

वॉल्टला टपरीत एकटं फार वेळ राहू देऊ नकोस.

गेल


२६ फेब्रुवारी

जॉइस,

झेरॉक्स मिळाली. अंधुक आहे. तिच्यावरून ठामपणे काही सांगणं कठीण आहे.

वॉल्ट आता म्हणायला लागलाय की कदाचित आपणच तो काढला असेल आणि विसरलो असू. अठ्ठावीस वर्षं त्या कारखान्यात काढलेला माणूस, स्वतःच्या डोळ्यांपेक्षा एका कागदावर विश्वास ठेवायला लागला. डगने जबाब टाइप करून पाठवलाय आणि सही करून टाक, प्रकरण इथेच मिटेल, असा निरोपही दिलाय म्हणतेस. सही करू देऊ नकोस. का, ते आज विचारू नकोस. त्याच्या हातातलं पेन काढून घे, कागद लपव, भांडण कर. भांडण तुला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

काल राखेचा बुधवार, कपाळाला राख लावून घ्यायला चर्चमध्ये गेले होते. फादर पुटपुटले, माती आहेस. मी रांगेतून बाहेर आले आणि गाडीत बसून राहिले. समोरच्या आरशात कपाळ दिसत होतं. घरी जाऊन लगेच धुऊन टाकलं.

मला चार दिवस दे.

गेल


२ मार्च

जॉइस,

तो कठडा मी केलाय.

याआधीची दोन पत्रं लिहिताना मला हे माहीत होतं. पहिल्या पत्राच्या वेळी शंका होती. तुझं उत्तर आलं तेव्हा खात्री झाली. झेरॉक्स अंधुक वगैरे काही नव्हती. स्वतःच्या हाताचं काम मी अंधारातही ओळखेन.

तीस जानेवारीला, शुक्रवारी, आमच्या स्टुडिओच्या मालकाने, वर्नने हे काम माझ्या टेबलावर ठेवलं. टाकीचा फोटो त्यानेच एकवीस तारखेला सकाळी काढला होता, कॅटलॉगसाठी. सोबत दुसरा फोटो होता, पिवळ्या कठड्याचा, ताजा रंग दिलेला. अपघातानंतर त्यांनी नवीन बसवला होता. वर्न म्हणाला, आता तिथे कठडा आहे, गिऱ्हाइकाला कॅटलॉगमध्ये उघडा प्लॅटफॉर्म नकोय, पत्र्यात हा कठडा दिसेल असं कर. मी केलं. तिथे माणूस मेलाय हे मला ठाऊक होतं. आठच दिवसांपूर्वी पेपरात वाचलं होतं. मी काही विचारलं नाही. उलट मला काम आवडलं, कारण अवघड होतं.

कसं केलं ते सांगते. उद्या कुणी तुला म्हणालं की असं होऊच शकत नाही, तर तुझ्याकडे उत्तर हवं. टाकीच्या फोटोतले रंग काढून टाकायचे. काळं, पांढरं आणि करडं तेवढं ठेवायचं, आणि जरा धूसर करायचं. हे करडं चित्र वेगळ्या फाइलमध्ये साठवावंच लागतं, त्याशिवाय पुढचं काम होत नाही. मग कठड्याचा सरळ फोटो आरशातल्यासारखा उलटा करून टाकीवर ठेवायचा आणि फोटोशॉपला सांगायचं, त्या करड्या चित्राकडे बघ आणि याला सरकव. करडं जिथे उजळ, तिथे कठडा एका बाजूला सरकतो. जिथे गडद, तिथे दुसऱ्या बाजूला. मधल्या करड्यावर जागचा हलत नाही. बघता बघता सरळ गज टाकीच्या पोटावरून वाकतात. वरून थोडी चमक, कडेला थोडा पुसटपणा. सपाट चित्रावर ठेवलेलं सपाट चित्र, बाकी काही नाही. पण डोळा शपथेवर सांगेल की टाकी गोल आहे आणि तिच्यासमोर कठडा उभा आहे. कठडा समोरासमोर सरळ दिसला असता तर कुणी शंका घेतली असती. वाकलेला दिसतो म्हणून खरा वाटतो.

झेरॉक्स आली त्या दिवशी मी वर्नकडे गेले. तो कप विसळत होता. मूळ फोटो कुठे आहे, विचारलं. पुसला म्हणाला. कारखान्याने मागितला, दिला, आणि आपल्याकडचा पुसून टाका म्हणाले, म्हणून पुसला. माझी पूर्ण केलेली फाइलही गेली. मी त्याला वॉल्टबद्दल सांगितलं. तो माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "तू चित्र सुधारलंस, गेल. साक्ष दिलेली नाहीस. कुणी मागितलीही नाही."

या माणसाने मला काम शिकवलं, जॉइस. लग्न मोडून रॉनने मला सोडलं तेव्हा मला संगणक सुरू करता येत नव्हता, आणि वर्नने तीन महिने शेजारी बसून शिकवलं, एकदाही आवाज न चढवता. म्हणून मी चार दिवस मागितले. खरं तर मी वाट बघत होते, की तो स्वतःहून जाऊन सांगेल आणि मला जावं लागणार नाही. तो गेला नाही.

एक गोष्ट पुसायची राहिली आहे. करड्या चित्रांच्या फाइली मी माझ्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते, पुन्हा कामाला येतात म्हणून. या टाकीचं करडं चित्र तिथे आहे, तीस जानेवारीच्या तारखेसकट. मी ती फाइल घरी आणली. आज सकाळी सुरक्षा खात्यात फोन केला. रेनर नावाच्या बाई हे प्रकरण बघतात. अकरा तारखेला मला बोलावलंय. वर्नला आणि कंपनीच्या वकिलालाही.

हे पत्र जपून ठेव. मी ऐन वेळी कच खाल्ली, तर त्यांना हेच दाखव. स्वतःवर माझा एवढाच भरवसा आहे.

वॉल्टला आजच सांग. टपरीपर्यंत चालत जावं लागलं तरी जा.

गेल


१२ मार्च

जॉइस,

रेनरबाईंचा फोन तुला आला असेल, तरी मी लिहिते. आत काय झालं ते तुला माझ्याकडून कळायला हवं.

मी वीस मिनिटं आधी पोचले. बाहेरच्या बाकावर को शिओंगची बायको बसली होती, मी तिला पेपरातल्या फोटोवरून ओळखलं. तिचं नाव पा. शेजारी तिची थोरली मुलगी होती, सतराएक वर्षांची, आईचं बोलणं आम्हाला इंग्रजीत सांगायला आलेली. मी समोरच्या बाकावर बसले, आणि मग तसं बसून राहणं मला जमेना. उठून त्यांच्याकडे गेले आणि सांगितलं की फोटोतला कठडा मी बनवलाय, तिथे तो नव्हता.

मुलीने आईला सांगितलं. पा बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होती. मग काहीतरी बोलली, आणि मुलगी ते सांगायला तयार होईना. आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आई म्हणते," मुलगी म्हणाली, "खूप चांगला बनवला होता. कंपनीने पाठवलेला तो फोटो तिने स्वयंपाकघरात लावला होता. रोज बघायची आणि बाबांवर चिडायची. म्हणायची, कठडा होता तरी कसा पडलास, कुठे लक्ष होतं तुझं, चार पोरांचा बाप ना तू."

मला वाटलं ती मला शिव्या देईल. तिने दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठून पाणी प्यायला गेली, आणि मला आत बोलावलं.

आत रेनरबाई, कंपनीचा वकील आणि वर्न. वर्नने कोट घातला होता, मी त्याला आयुष्यात दुसऱ्यांदा कोटात बघितलं. मी करडी फाइल दाखवली, कशी वापरतात ते त्यांच्या संगणकावर करून दाखवलं. दोनदा चुकलं. वकील तरुण होता, अगदी शांतपणे विचारत होता. फोरमन माझा कोण लागतो? मेहुणा. फाइलवरची तारीख संगणकाचं घड्याळ मागे करून बदलता येते ना? येते. मग ही फाइल मी गेल्या आठवड्यात बनवली नाही कशावरून? कंपनीच्या खऱ्या फोटोवरूनही असं करडं चित्र काढता येईल की नाही? येईल, मी म्हणाले. खोटं बोलायचं नाही असं ठरवून गेले होते आणि खरं बोलत गेले तसतशी बुडत गेले. रेनरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या वर्नकडे वळल्या. वर्न म्हणाला, आठवत नाही, वर्षाला हजार फोटो होतात.

तेव्हा मी म्हणाले की तुमच्याच फोटोतली झाकणाची मूठ मोठी करून बघा.

टाकीच्या झाकणाला पॉलिश केलेली एक गोल मूठ असते. फोटोत ती नखाएवढी दिसते. अशा गोळ्यात अख्खी खोली दिसते, जॉइस, मुंगीएवढी. टाकीच्या पोटातून मी वर्नला पुसलं होतं, फोटोग्राफरला नेहमीच पुसते. मुठीतून पुसलं नव्हतं. रेनरबाईंनी मोठं केलं, आणखी मोठं केलं. ठिपके ठिपके झाले, पण दिसत होतं. कॅमेऱ्यामागे वाकलेला माणूस, कानटोपी घातलेला, आणि त्याच्या पाठीमागे प्लॅटफॉर्मची सरळ कड. तिच्यावर काही नाही.

वकील म्हणाला की एवढ्या छोट्या चित्रात कठड्याचे गज दिसणारच नाहीत. रेनरबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं, मागच्या भिंतीवरची शिडी दाखवली. तिच्या पायऱ्या मोजता येत होत्या. त्यांनी वर्नला विचारलं, हा कोण?

वर्नने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं आता तो म्हणेल, सांगता येत नाही.

"हा मी," तो म्हणाला. "आणि माझ्यामागे कठडा नव्हता. मी आधी वर चढलो होतो, उतरताना तिथे धरायला हात पुढे केला होता, आणि हाताला काही लागलं नव्हतं."

मग त्याने सगळं सांगितलं. डगने काय मागितलं, केव्हा मागितलं, मूळ फोटो कुणी पुसायला लावला. खिडकीबाहेर बघत सांगितलं. वकिलाने मधेच लिहिणं थांबवलं.

बाहेर आल्यावर रेनरबाई मला म्हणाल्या, ती मूठ ठेवलीत हे फार हुशारीचं केलंत. आज चर्चच्या बायकाही तेच म्हणत होत्या, गेलने आधीच ओळखून पुरावा ठेवला होता म्हणे. तू तरी असं समजू नकोस. मला ती मूठ दिसली होती. शुक्रवार होता, पाच वाजून गेले होते, दर शुक्रवारसारखी मासळी खायला सगळे निघाले होते. नखाएवढ्या मुठीत कोण बघणार, असं म्हणून मी संगणक बंद केला. कंटाळा केला, जॉइस, दुसरं काही नाही. त्या दिवशी मी नेहमीसारखी मन लावून काम करणारी असते, तर वॉल्ट आज खुनी ठरला असता.

पा मला पुन्हा भेटली नाही. त्या दोघी मागच्या दाराने गेल्या.

गेल


१८ एप्रिल

जॉइस,

वॉल्टने घरी आल्यावर तुला काय सांगितलं, सांगितलं की नाही, ते मला माहीत नाही. म्हणून हे पत्र. शिवाय आता मला वेळ आहे. वर्नने स्टुडिओ बंद केला, त्याच्या आधीच मी काम सोडलं होतं. मलाही पुन्हा जबाबाला बोलावणार आहेत, माझ्यावर काय येईल ते तेव्हा कळेल. डगवर खटला होतोय हे तुला ठाऊक असेलच.

काल दुपारी दार वाजलं आणि वॉल्ट उभा. मागे रस्त्यावर तुमचा ट्रक होता, इंजिन चालू, आणि तू आत समोर बघत बसलेली. मी त्याला आत घेतलं. किती वाळलाय गं तो. कॉफी नको म्हणाला आणि मग दोन कप प्यायला. कारखान्याने परत बोलावलंय पण जाणार नाही, म्हणाला. मी कोबीची रोपं लावलीत वगैरे काहीतरी बोलत होते. ते त्याला ऐकू येत नव्हतं.

शेवटी त्याने खिशातून तो फोटो काढला, घड्या घालून घालून चिरलेला, आणि माझ्यापुढे टेबलावर पसरला.

"हा काढून टाक," तो म्हणाला. "कठडा. मला मूळचा फोटो दे."

मूळचा उरलेला नाही, मी म्हणाले.

"मग बनव. तुला येतं ना?"

मला येतं. तासाभराचं काम होतं. असा काढला असता की रेनरबाईंनाही कळलं नसतं. त्याचे हात टेबलावर होते आणि त्याने जबड्याचे स्नायू आवळून धरले होते. मला वाटलं, एवढं तरी या माणसाला द्यावं. जे खरं होतं तेच तर मागतोय. मी उठून संगणक सुरूही केला. पडदा उजळला. आणि मग मी तो बंद केला.

"नाही वॉल्ट," मी म्हणाले. "तोही माझाच होईल. तू पुन्हा मी केलेलं बघशील आणि त्याला खरं म्हणशील."

तो चिडला. मी त्याला कधी चिडलेला बघितलं नव्हतं. मला आठवत नाही, तो म्हणाला, डोळे मिटले की हाच दिसतो, पिवळा. डॉक्टर म्हणतात जाईल, पण जात नाही. मी काय करू?

मी म्हणाले, त्या सकाळचं सांग. फोटोतलं काही सांगू नकोस. तू उठलास तेव्हापासून सांग.

त्याला वेळ लागला. ट्रक सुरू होत नव्हता, तू नाइटगाउनवर कोट घालून बॅटरीला तार लावून दिलीस. कारखान्यात हीटर बंद होता. को त्याच्यासाठी घरून भात आणायचा, पिशवीत बांधून, तो दोघांनी उभ्याने खाल्ला. मग वर्न कॅमेरा घेऊन आला. इथे वॉल्ट थांबला. तो पुढे म्हणाला, "को वर होता. मला ओरडून म्हणाला, 'अरे म्हाताऱ्या, टोपी सरळ कर, तुझा फोटो निघतोय.' मी वर बघितलं. तो कडेला बसला होता, पाय खाली सोडून. हलवत होता पाय, पोरं नदीकाठी हलवतात तसे." त्याने दोन बोटं टेबलाच्या कडेवरून खाली सोडून मला दाखवली. "कठडा असता तर असं बसता आलं नसतं, गेल. पाय बाहेर आलेच नसते."

मग तो रडला. बराच वेळ रडला. मी त्याच्या खांद्याला हात लावला नाही, तो तुझा खांदा आहे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले, त्याला मोकळं रडता यावं म्हणून. तिथून तू दिसत होतीस. ट्रकच्या मागच्या नळीतून धूर येत होता, वायपर उगीचच चालू होते.

मग वायपर थांबले. धूर थांबला. तू किल्ली काढून हातात घेतलीस आणि तशीच बसून राहिलीस.

तेवढं मी पाहिलं, हे तुला माहीत असावं.

गेल